सणाची माती : अंबड परिसरातील मृण्मय परंपरेचा एक विचार

सणांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा विधी, कथा आणि १८९३ नंतरच्या सार्वजनिक स्वरूपाकडे जाते. पूजेची वस्तू कशाची घडते, तो पदार्थ कोण गोळा करतो आणि कोणाच्या जमिनीतून उचलतो, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे. नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीतील अंबड आज औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळेच तेथे हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो.

श्रावण ते आश्विन हा काळ मातीच्या सणांचा होय. नागपंचमीचा मातीचा नाग, श्रावणी अमावास्येला पोळ्याची मातीची बैलजोडी, पुढे तृतीयेला हरतालिकेचे वाळूचे लिंग, चतुर्थीला पार्थिव गणेश आणि काही घरांत पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी, तर काही घरांत तेरड्याच्या. आश्विनात घटस्थापनेसाठी शेतातील वावरी. ‘पार्थिव’ या शब्दातच पृथ्वीपासून घडविल्याचा अर्थ आहे. पावसाने माती मऊ होते, ओढे वाहते होतात, तेरडा फुलतो. सणांचा हा क्रम साहित्याच्या उपलब्धतेशी जुळलेला दिसतो.

माती आणणे हे मात्र सोपे काम नव्हते. नाशिकचा भूभाग बेसाल्ट खडकाचा असून त्यापासून बनलेली काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. कापसाला हा गुण मानवतो, मूर्तीला नाही. म्हणून तळ्याचा वा नदीकाठचा बारीक गाळ निवडावा लागे. तो वाळवून, कुटून, चाळून भिजत घालावा, खडे व मुळ्या काढाव्यात आणि मग पायाने तुडवून व हाताने मळून एकजीव करावा, अशी ही रीत. भांड्यांच्या मातीत कुंभार लीद, राख वा तूसही मिसळीत. घरच्या बैलांसाठी इतका खटाटोप नसे. मुलांनी ओल्या मातीचे वळलेले बैल भेगाळले तरी चालत, कारण त्यांचे आयुष्य दिवसा-दोन दिवसांचेच.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची जी चौकट मांडली आहे, तीत कुंभाराचे स्थान निश्चित आहे. गावाला मडकी पुरवावीत आणि बदल्यात धान्य घ्यावे, हा त्याचा व्यवहार. गावची माती उचलण्याचा परिपाठ या व्यवहारात गृहीत होता. तो रूढीने चालत असे, सातबाऱ्यावर नव्हे. शेते औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाली तेव्हा मोबदला नोंद असलेल्या नावांना मिळाला. नोंद नसलेला परिपाठ मोजण्याचे मापच नव्हते. पारंपरिक कुंभारांना मातीवरील स्वामित्वधनात शासनाने सवलत दिली, हे खरे. परंतु सवलत उपयोगी पडते ती माती शिल्लक असेल तेथे. सातपूरकडून येऊन टाकळी येथे गोदावरीस मिळणाऱ्या नंदिनीच्या (पूर्वीची नासर्डी) काठचा गाळ सांडपाण्याने दूषित झाल्यावर कोण मळणार?

रिकामी झालेली ही जागा दूरच्या पदार्थांनी भरून काढली. शाडू मुख्यतः गुजरातमधून येतो आणि पेणसारख्या केंद्रांत त्याच्या मूर्ती घडतात. म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून गौरविली जाणारी मातीही स्थानिक नव्हेच. पर्यावरणाच्या चर्चेत हा भेद क्वचितच केला जातो. त्यानंतर आले प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम तापवून केलेली ही भुकटी पाणी मिळताच घट्ट होते, साच्यात लवकर बसते, वजनाने हलकी असते. मात्र ती पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२० मध्ये ती सुधारली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास वाट मोकळी केली. मात्र न्यायालयाच्या परवानगीवाचून नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करता येणार नाही, असे सांगितले.

मूर्तींविषयी निदान वाद झाला. वावरीविषयी तोही नाही. पेरता येईल अशी मूठभर माती अंगणातही न उरलेल्या शहरी घरांसाठी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाजारात काळी माती विकायला येते, प्लास्टिकच्या पिशवीत, सप्तधान्याच्या पुडीसह.