बातमीतील नाव

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी माझ्या वार्ताहरकीविषयी काही लिहावे, असा भगिनींचा आग्रह झाला. नुसत्या आठवणींपेक्षा थोडा इतिहास सांगावा असे मला वाटले. कारण या कामात आपल्याआधी कोण बाई होऊन गेली, हे फार थोड्या जणींना ठाऊक असते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, हे शाळेतली मुलगीही सांगेल. परंतु तानूबाई बिर्जे हे नाव विचारा, म्हणजे सभा गप्प होते. पुण्यात फुले दांपत्याच्या छायेत त्या वाढल्या. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेला व पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालविलेला ‘दीनबंधु’ १८९७ नंतर त्यांचे पती वासुदेवराव यांच्याकडे आला. वासुदेवराव वारल्यावर पत्र बंद पडेल असेच कोणालाही वाटले असते. तानूबाईंनी १९०८ ते १९१२ या काळात त्याचे संपादन केले. विधवेने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले तरी बोटे दाखविण्याचा तो काळ!

माझे काम त्यामानाने लहान. बातमी हाताने लिहावी, पाकिटात घालावी व नागपूरच्या एस. टी.च्या वाहकाच्या हाती द्यावी. तिसऱ्या दिवशी छापून आली तर नशीब. पण बातमीत माणसाचे नाव बिनचूक असावे, हा नियम मी कटाक्षाने पाळला. आपल्या गावाला तो परका नाही. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे दगड निघाले. दान देणाऱ्यांची नावे त्यांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. राजाचे नाव राहतेच. येथे साध्या माणसांचीही राहिली.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. १९८३ साली मंजूर झालेला खर्च ३७२ कोटींचा. पुढे तो अठरा हजार कोटींच्याही वर गेला. हे आकडे सर्वांनीच छापले. बुडणाऱ्या गावांत गेले की पुरुषमंडळी ओट्यावर बसवून सातबारा दाखवीत, आणि बायका दाराआडून ऐकत. मी चहाचे निमित्त करून स्वयंपाकघरात जाई. विहिरीला उन्हाळ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, कोणत्या बांधीत धान आधी पिकते, नव्या गावठाणापासून सरपण किती लांब पडेल, हे सारे तिथे कळे. सरकारी तक्त्यात या गोष्टींना रकाना नव्हता. एक म्हातारी मला म्हणाली, “जमीन त्याईच्या नावानं हाये, पन रोवना त आमीच केला ना, बाई?”

मी ते वाक्य तिच्या नावासह छापायला पाठविले. येथे तिचे नाव देत नाही. तिची परवानगी त्या एका बातमीपुरती होती. कचेरीतून निरोप आला की नाव कशाला, ‘एक महिला’ पुरे. मी नाव कायम ठेवा म्हणून पुन्हा पाकीट पाठविले, आणि ते छापून आले.

पुढे नव्या वसाहतीत तिच्या सुनेने पत्र्याची पेटी उघडून दाखविली. घराच्या मोबदल्याच्या कागदांत ते कात्रण चार घड्या करून ठेवलेले होते.