यादी गोठते तेव्हा

२० डिसेंबर २०२१, नवी दिल्ली. निवडणूक कायदे (सुधारणा) विधेयक लोकसभेत मांडले जाते आणि त्याच दिवशी गोंधळात, आवाजी मतदानाने मंजूर होते. मतदारयादी आधारशी जोडली की दुबार नावे निघतील, असे सरकार सांगते. खऱ्या मतदारांचीही नावे उडतील, विधेयक स्थायी समितीकडे पाठवा, अशी विरोधकांची मागणी. ती मान्य होत नाही.

२१ डिसेंबर. राज्यसभेत १२ विरोधी सदस्य आधीच अधिवेशनभर निलंबित आहेत. इथेही आवाजी मतदान. या कायद्याने एक चांगले काम केले: नव्या मतदारांसाठी वर्षातून एकाऐवजी चार पात्रता तारखा आल्या. चुकून वगळलेल्याला मतदानाच्या दिवशी काय दाद मिळणार, हे मात्र ठरलेच नाही. समितीत तो प्रश्न कुणीतरी विचारला असता.

१६ मार्च २०२४, दुपारी ३. लोकसभेचे वेळापत्रक जाहीर. ठाणे, कल्याण आणि भिवंडीचे मतदान २० मे रोजी. उरले ६५ दिवस. अंतिम यादी जानेवारीतच लागलेली आहे. मागच्या वेळी मत दिलेला माणूस आपले नाव पुन्हा तपासत नाही. ओळखपत्र खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असे तो धरून चालतो.

३ मे, दुपारी ३. उमेदवारी अर्ज घेणे थांबते. त्याच क्षणी यादीही गोठते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २३(३): अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर निवडणूक संपेपर्यंत नाव घालता येत नाही, काढता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. नाव वगळण्याआधी मतदाराचे म्हणणे ऐकावे, असे कलम २२ सांगते. पण भाड्याचे घर बदललेल्याला किंवा इमारत पुनर्विकासाला गेलेल्याला नोटीस कुठल्या दारावर मिळणार?

२० मे, सोमवार, पहाटे ५.३०. केंद्रांवर अभिरूप मतदान. शाळांना सुट्टी, अनेक कुटुंबे गावी.

सकाळी ७. मतदान सुरू.

सकाळी ९. कल्याण ५.३९ टक्के, ठाणे ५.६७. नाव सापडत नसल्याच्या तक्रारी डोंबिवली, कल्याण, ठाणे इथून येऊ लागतात.

सकाळी ११. कल्याण ११.४६. राज्यातल्या त्या दिवशीच्या १३ मतदारसंघांत सर्वांत कमी.

दुपारी १. कल्याण २२.५२. आपल्या नावावर दुसरा कुणी मत देऊन गेला असेल, तर नियम ४९-प प्रमाणे प्रदत्त मत देता येते. नावच नसलेल्याला तेही नाही. अमेरिकेत असा मतदार तात्पुरती मतपत्रिका मागतो आणि पात्रता नंतर तपासली जाते. तो हक्क २००२ च्या कायद्याने जवळपास देशभर दिला. तेव्हा सिनेट डेमोक्रॅटांकडे होते, प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे. एका बाजूला ओळखीचा पुरावा हवा होता, दुसरीला वगळलेल्यांचे संरक्षण. दोन्ही गोष्टी एकाच विधेयकात बसवल्या आणि सिनेटने ते ९२ विरुद्ध २ मतांनी मंजूर केले. आपल्याकडे २०२१ मध्ये हाच सौदा शक्य होता. कुणी बसलेच नाही.

दुपारी ३. कल्याण ३२.४३, ठाणे ३६.०७.

संध्याकाळी ५. कल्याण ४१.७०, ठाणे ४५.३८.

संध्याकाळी ६. दार बंद. आत रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या मिळतात. यादीत नसलेले केव्हाच घरी गेलेले.

अंतिम आकडे: कल्याण ५०.१२, ठाणे ५२.०९. मत न दिलेल्यांपैकी किती जण घरी बसले आणि किती जण केंद्रावरून परतले, हे या आकड्यांवरून कळत नाही. केंद्रावरच्या नमुना १७-अ मध्ये मत द्यायला आलेल्या, यादीतल्या मतदाराचीच नोंद होते. परत पाठवलेल्याची नोंद कुठेही नाही.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधली वगळलेली सुमारे ६५ लाख नावे कारणांसह जाहीर करायला लावली. ठाणे आणि कल्याणच्या खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, तेच कायद्यात मागावे: वगळलेल्या नावांची यादी कारणांसह प्रत्येक केंद्रावर लागावी, अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या किमान ३० दिवस आधी.