पाण्यात घडणारा अयस्कांत

रायपूरच्या नैर्ऋत्येस दल्ली आणि राजहरा या लोहखनिजाच्या टेकड्या आहेत. 1887 साली भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी तत्कालीन रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहव्यवसायाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्या वेळी हा मुलूख मध्यप्रांतात मोडत असे व त्याचा कारभार नागपुराहून चाले. पुढे नागपूरच्याच संग्रहालयातील भूस्तरांच्या नकाशाने दोराबजी टाटांचे लक्ष या टेकड्यांकडे वेधले, ही कथा सर्वश्रुत आहे. बोस यांचे नाव मात्र तीत क्वचितच घेतले जाते. टाटांचा कारखाना अखेर साकचीस उभा राहिला, आणि राजहऱ्याचे खनिज भिलाईच्या वाट्यास आले. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली.

हे तांबूस खनिज लोहचुंबकास सहसा दाद देत नाही. त्याचेच काळे भावंड म्हणजे मॅग्नेटाइट, आपल्या पूर्वजांचा अयस्कांत. दोहोंत लोह आणि प्राणवायू हीच मूलद्रव्ये, फरक केवळ प्रमाणाचा. छत्तीसगडच्या डोंगरांत अगरिया लोक मातीच्या भट्टीत पायांनी भाता चालवून लोखंड गाळीत, तेव्हाही तांबडे खनिज लोखंड होण्यापूर्वी या काळ्या अवस्थेतून जात असे.

परंतु अयस्कांत घडविण्यास अग्नी लागतोच असे नाही. फेरस क्लोराइड एक भाग आणि फेरिक क्लोराइड दोन भाग पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया किंवा दाहक सोडा घातला, की पाहता पाहता काळा साका पडतो. तोच मॅग्नेटाइट. हवा मात्र दूर ठेवावी लागते, नाहीतर फेरस लोहाचे फेरिक होऊन गंजासारखा तपकिरी गाळ हाती येतो. खरी पंचाईत त्यानंतरची. हे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. 1938 साली अमेरिकन पदार्थवैज्ञानिक एल्मोर यांनी हा साका साबणाच्या साहाय्याने पाण्यात विखुरला. प्रत्येक कणाभोवती साबणाचे वेष्टन बसले, आणि कण अलग राहिले. या कलिलाचा उपयोग त्यांनी लोखंडाच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्रांच्या सीमा पाहण्यासाठी केला. पुढे 1981 मध्ये फ्रान्सच्या मासार्त यांनी साबणाखेरीजही, केवळ कणांवरील विद्युत्भाराच्या परस्पर प्रतिसारणाने, असे द्रव स्थिर ठेवून दाखविले.

इतके बारीक कण वागतातही निराळे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी 1949 साली त्याचे कारण सांगितले: साध्या उष्णतेनेच त्यांचे चुंबकत्व सतत दिशा पालटते, म्हणून चुंबक दूर करताच ते आपले चुंबकत्व टाकून देतात.

या गुणाचे मोल राजनांदगावच्या बाजूस सहज पटावे. अंबागड चौकीजवळील कौडीकसा गावाच्या विहिरी व नळविहिरींच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे आणि त्यापायी लोकांना त्वचेचे विकार जडल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. आर्सेनिकाला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. 2006 साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे 12 नॅनोमीटर व्यासाचे मॅग्नेटाइटचे कण घडवून ते आर्सेनिकयुक्त पाण्यात मिसळले. (एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर मावतात.) कण जितका लहान, तितका त्याच वजनात पृष्ठभाग अधिक, आणि आर्सेनिक पृष्ठभागासच चिकटते. एवढे सूक्ष्म कण ओढून घेण्यास प्रचंड चुंबक लागेल, असा समज होता. प्रत्यक्षात हाती धरण्याजोग्या चुंबकाने ते गोळा झाले आणि पाणी निवळले.

उरतो तो तळाशी जमलेला काळा गाळ. आर्सेनिक त्यात नाहीसे झालेले नसते, केवळ बांधलेले असते. तो गाळ उघड्यावर टाकला, तर पावसाबरोबर तेच विष पुन्हा विहिरीकडे वाट काढू शकते.