झाडाला बांधलेला मुलगा : एका नावाचा इतिहास

पालीच्या बल्लाळेश्वराची कथा आपल्याकडे भक्तीची कथा म्हणून सांगितली जाते. कल्याण शेठ या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात जाई, दगडांचे गणपती मांडी आणि पूजेच्या त्या खेळात तहानभूक विसरून बसे. मुले घरी उशिरा परतू लागली तशी त्यांच्या पालकांनी कल्याण शेठकडे तक्रार केली. शेठ सोटा घेऊन रानात गेला. मांडलेली पूजा त्याने उधळली, मधला मोठा पाषाण दूर भिरकावला, मुलाला बेदम मारले आणि झाडाला बांधून तो घरी निघून आला. पुढे देव ब्राह्मणाच्या रूपाने आला, त्याने मुलाला सोडवले आणि भक्ताच्या नावाने तो तिथेच राहिला. भिरकावलेला पाषाण म्हणजे धुंडीविनायक. आजही आधी धुंडीविनायकाचे दर्शन घ्यावे आणि मग बल्लाळेश्वराकडे जावे, अशी पालीची रीत आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुराणकथा, लोककथा, त्यांची पाठांतरे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग. तरीही या कथेविषयीचा एक साधा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. सोटा उगारण्यापूर्वी ‘तू इथे काय करतो आहेस?’ असे त्या मुलाला कोणी विचारले होते काय? कथेत तक्रार करणारे शेजारी आहेत, संतापलेला बाप आहे, शेवटी देव आहे. मुलाशेजारी नुसता बसून त्याचा खेळ पाहणारा माणूस मात्र नाही. असा माणूस आमच्या घरी होता. त्याचे महत्त्व कळण्यासाठी आम्हाला व्हिएन्नापर्यंतचा एक वळसा घालावा लागला. तो वळसा आणि ते घर हे दोन्ही या लेखाचे विषय आहेत.

२०११ च्या माघी यात्रेत आमचा मुलगा सात वर्षांचा होता. त्याचे आजी-आजोबा पालीत राहतात, त्यामुळे यात्रा आमच्या घरचीच. बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, अर्पण केलेली पोर्तुगीज घंटा आहे असे सांगतात. तिचा नाद घुमला आणि मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून गर्दीत आडवा पडला. किंकाळ्या थांबेनात. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, “दोन ठेवून द्या, गप्प बसेल.” आम्ही दोन ठेवून दिल्या. तो गप्प बसला नाही. त्याच्या आजोबांनी त्याला उचलले, धुंडीविनायकाच्या बाजूला जरा मोकळ्या जागी नेले आणि अर्धा तास एकही शब्द न बोलता ते त्याच्याजवळ बसून राहिले. कल्याण शेठच्या गावात, कल्याण शेठच्याच देवळात आम्ही काय केले हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

तोवर घरात मुलाला अनेक विशेषणे लागली होती. मराठी या बाबतीत फार श्रीमंत भाषा आहे : घुमा, एककल्ली, एकलकोंडा, छांदिष्ट, तऱ्हेवाईक, विक्षिप्त. यांतले प्रत्येक विशेषण माणसाचे थोडे वर्णन करते आणि त्याहून जास्त त्याचा निवाडा करते. ‘छंद’ आणि ‘वेड’ या शब्दांना भक्तिपरंपरेने मोठी प्रतिष्ठा दिली हे आपण वर्गात शिकवतो. पण देवाचा छंद लागलेल्याला जी जागा मिळते ती एस.टी.च्या वेळापत्रकाचा छंद लागलेल्या मुलाला मिळत नाही. आमच्या मुलाला तोच छंद होता. पहिलीत असताना पाली स्थानकातल्या फलकावरील गाड्यांच्या वेळा तो ओळीने म्हणून दाखवी. समोरचा ऐकतो आहे की कंटाळला आहे, हे त्याला उमगत नसे.

२०१२ साली तपासणीच्या अहवालात ‘ॲस्पर्जर सिंड्रोम’ असे लिहून आले. आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी तो शब्द आपल्या वहीत देवनागरीत लिहून घेतला, दोनदा उच्चारून पाहिला आणि विचारले, “हे कोणाचे नाव?” आम्हाला उत्तर देता आले नाही. शब्दाची व्युत्पत्ती शोधणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा या शब्दाची व्युत्पत्ती शोधणे आम्हाला भागच होते.

‘ऑटिझम’ हा शब्द १९११ च्या सुमारास ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने रूढ केला, तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. त्याच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीतील ‘स्वमग्नता’ ही त्याचीच प्रतिकृती. मुलांच्या बाबतीत अशा स्वभावाचे सविस्तर वर्णन मॉस्कोतील डॉ. ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांच्या आधारे केले, परंतु ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्जर यांचा प्रबंध आला. त्यात चार मुलग्यांचे तपशीलवार चित्रण होते. ही मुले पुस्तकी भाषेत प्रौढांसारखी बोलत, एखाद्याच विषयात खोल बुडत आणि इतर मुलांच्या खेळात मात्र परकी ठरत.

या प्रबंधातला एक तपशील आम्हाला विशेष वाटतो. चौघांपैकी पहिल्या मुलाचे वर्णन करताना ॲस्पर्जर त्याच्या आईकडच्या आजोबांची आठवण काढतात. तेही लहानपणी अतिशय अवघड मूल होते असे सांगितले जाई. मोठेपणी ते आपल्याच विचारांत गढलेले, व्यवहारापासून दूर असलेले विद्वान गृहस्थ झाले. नातू त्यांच्या वळणावर गेला होता.

कॅनर यांनाही पालकांत आणि आजी-आजोबांत अमूर्त विषयांत रमणारी माणसे पुष्कळ आढळली होती. पण या एकाच निरीक्षणातून दोन वाटा फुटल्या. ॲस्पर्जर यांना त्यात वारसा दिसला. कॅनर यांनी ही अवस्था जन्मजात मानली होती, तरी पालकांच्या भावनिक कोरडेपणावरचे त्यांचे शेरेच पुढे अधिक गाजले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात आईच्या थंडपणाला जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. वास्तविक त्याआधी, १९६४ मध्येच, स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी या कल्पनेचे सविस्तर खंडन केले होते. तरी तिचा प्रभाव ओसरायला बराच काळ गेला.

हे वाचताना आम्हाला पालीच्या घरातली ओसरी आठवली. “आई दिवसभर बाहेर, मग पोर बोलायला शिकणार कोणाकडून?” असे मुलाच्या आजीने एकदा म्हटले होते. शिकागोतला विद्वान आणि ओसरीवरची आजी यांचे निदान एकच होते. फरक एवढाच की आजीने ते दोन वर्षांत सोडून दिले. तिने आठवून आठवून सांगितले की मुलाचा बापही उशिरा बोलला आणि आजोबा तर पाहुणे आले की परसदारी निघून जात. अंगणातले पत्रे एका रांगेत लावल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. यावरून आजोबांना आज कोणते नाव चिकटवावे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. इतिहासातल्या आणि घरातल्या माणसांची पाठीमागून निदाने करणे हा अभ्यास नव्हे. पण आजीच्या त्या आठवणीने घरातला आरोप संपला आणि त्याच्या जागी ओळख आली, एवढे खरे.

ॲस्पर्जर यांचा जर्मन प्रबंध बाहेर फारसा वाचला गेला नाही. १९८१ मध्ये लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी ‘ॲस्पर्जर सिंड्रोम’ या नावाने लेख लिहिला आणि हे नाव जगभर पोचले. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीची आई होत्या. १९९१ मध्ये उटा फ्रिथ यांनी मूळ प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि १९९४ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या नावाला अधिकृत स्थान मिळाले. मग २०१३ मध्ये अमेरिकी वर्गीकरणाने ते काढून टाकले आणि या सगळ्या छटा ‘स्वमग्नतेचा वर्णपट’ या एकाच कल्पनेत सामावल्या. जागतिक आरोग्य संघटनेचे नवे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. त्यातही हे नाव नाही. म्हणजे आमच्या घरात ते नाव आल्यानंतर वर्षभरातच एका मोठ्या शास्त्रीय दप्तरातून बाहेर पडले होते.

त्याहून मोठा धक्का २०१८ मध्ये बसला. हेर्विग चेक या इतिहासकाराने व्हिएन्नातील मूळ कागदपत्रे तपासून दाखवले की नाझी राजवटीत ॲस्पर्जर यांनी काही अपंग मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवण्याच्या शिफारशी केल्या होत्या. त्या संस्थेत सुमारे ८०० मुले मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी एडिथ शेफर यांचा याच विषयावरचा ग्रंथ आला. हुशार, बोलकी, ‘उपयोगी पडतील’ अशी मुले एका बाजूला आणि उरलेली दुसऱ्या बाजूला, अशी ती वाटणी होती. या नावाने आमच्या मुलाला जो थोडा मान मिळाला होता, तो त्याच वाटणीतून आलेला नव्हता काय? ‘साधा ऑटिझम नव्हे हो, ॲस्पर्जर आहे,’ असे आम्हीही नातेवाइकांना सांगितले होते. त्यात दुसऱ्या कोणाच्या मुलाला आपण एक पायरी खाली ढकलतो आहोत हे आम्हाला जाणवले नव्हते.

आपल्याकडील कायद्याचा प्रवास याच काळातला. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेला स्पष्ट स्थान मिळाले. नावाची ही बाजू विसरता येत नाही. परीक्षेत जादा वेळ मागायचा तर कागदावर नाव लागतेच. मुलाच्या नव्या प्रमाणपत्रावर जुने नाव नव्हते. आजोबांनी वहीतल्या जुन्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि खाली ‘स्वमग्नता’ असे लिहिले.

परंतु कागदावरच्या नावाने रोजचा दिवस निभत नाही. तो निभवण्याची रीत आम्ही आजी-आजोबांकडून शिकलो. शब्दशक्तींचा पाठ आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो : अभिधा, लक्षणा, व्यंजना. आमचा मुलगा अभिधेत राहतो. आजी एकदा म्हणाली, “दुधाकडे डोळ्यांत तेल घालून बघ.” तो घाबरून रडू लागला. आजीला काव्यशास्त्र ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलताना वाक्य निवडू लागली : “दूध वर आले की गॅस बंद कर.” उद्या पाहुणे येणार असतील तर किती जण, किती वाजता आणि कधी जाणार, हे ती आदल्या रात्रीच सांगे. नजर वर करून बोल असा आग्रह तिने सोडला. तो भिंतीकडे पाहत असला तरी ऐकत असतो, हे तिला आमच्याआधी कळले.

आजोबांची युक्ती याहून साधी. सुट्टीत रोज दुपारी ते नातवाला घेऊन स्थानकात जात. फलकावर लिहिलेल्या वेळेला खोपोलीची गाडी आली नाही की मुलाचा धीर सुटे. जग दिल्या शब्दाला जागत नाही, असा तो आकांत असे. आजोबांनी वहीत दोन रकाने आखले : ‘नियोजित वेळ’ आणि ‘प्रत्यक्ष वेळ’. उशीर ही आता नोंदण्याची गोष्ट झाली. काही आठवड्यांनी मुलगा स्वतःच सांगू लागला की सोमवारी गाडी जास्त उशिरा येते. देवळातही आजोबा त्याला पहाटे नेत, गर्दी आणि घंटेच्या आधी. दक्षिणायनात उगवत्या सूर्याची किरणे थेट मूर्तीवर पडतात असे म्हणतात. ती किती वाजता पडतात, हेही त्या वहीत नोंदले आहे.

आम्ही पुढे गणेशपुराणातील मूळ कथा वाचली. लहानपणी ऐकलेल्या कथेत नसलेला एक भाग तिथे आहे. बांधलेला बल्लाळ शाप देतो की ज्याने ही पूजा मोडली तो आंधळा, बहिरा, मुका आणि कुबडा होईल. बापाचे तसेच होते. एका मुलाच्या तल्लीनतेला देवाची साक्ष देणारी ही कथा शरीराच्या व्यंगाला मात्र शिक्षाच समजते. व्हिएन्नातल्या प्रबंधातही असेच दोन पदर होते. कथा असो वा शास्त्र, एका मुलाला वर उचलताना दुसऱ्या कोणाला खाली ठेवले जात नाही ना, हे पाहणे हे साहित्य शिकवणाऱ्यांचे काम आहे असे आम्हाला वाटते. ते काम आम्ही स्वतः किती उशिरा सुरू केले, हे वर लिहिलेच आहे.

मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. आजोबांची नजर अधू झाली आहे, फलक त्यांना वाचता येत नाही. सुट्टीत मुलगा पालीला गेला की दुपारी दोघे स्थानकात जाऊन बसतात. मुलगा वेळा वाचून दाखवतो, आजोबा ऐकतात. कंटाळा आला की ते तसे स्पष्ट सांगतात, कारण नुसत्या चेहऱ्यावरून ते त्याला कळणार नाही. मग तो थांबतो, पाच मिनिटे मोजतो आणि पुन्हा सुरू करतो.