जुनी जर्मन मोटार आणि शिवडीचा वारा

शिवडी म्हटले की आज बहुतेकांना खाडीतले रोहित पक्षी, जुना किल्ला आणि २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू आठवतो. मोटारींच्या इतिहासात मात्र शिवडीचे नाव वेगळ्याच कारणाने येते. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली येथे मोटारींची जुळवणी करणारा कारखाना सुरू केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून पहिली शेवरोले बाहेर पडली. भारतात कारखान्यात मोटारी जुळवण्याचे काम ज्या पहिल्या काही ठिकाणी सुरू झाले, त्यांपैकी हे एक.

आम्हाला या लेखात सांगायचे आहे ते मात्र जर्मन मोटारींविषयी. मुंबईत काही मंडळी हौस म्हणून चाळीस, पन्नास, साठ वर्षांच्या जुन्या मोटारी बाळगतात आणि सुटीच्या दिवशी त्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करतात. त्यांत फोक्सवॅगनची 'बीटल', मर्सिडीज-बेंझ, ओपेल अशा जर्मन गाड्याही असतात. वरवर पाहता हा श्रीमंतांचा षोक वाटेल. पण अशी एखादी गाडी उघडून पाहिली, तर तिच्यात या शहराचा सत्तर-ऐंशी वर्षांचा तांत्रिक इतिहास थरांनी साचलेला दिसतो. तो वाचायचा कसा आणि दुरुस्ती करताना तो पुसला जाऊ नये म्हणून काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

पहिला थर : जुळवणी

शिवडीच्या कारखान्यात मोटार 'बनत' नव्हती, 'जुळत' होती. हा फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखा आहे. सांगाडा, इंजिन, चाके, पत्र्याचे भाग हे सारे बोटीने खोक्यांतून यायचे. येथे ते ठरलेल्या क्रमाने जोडले जायचे. असे काम करणारा कामगार यंत्र उघडायला आणि पुन्हा बिनचूक बसवायला शिकतो. कोणता नट आधी, कोणता नंतर, किती आवळायचा, हे त्याच्या हाताला कळते. पण पिस्टन कोणत्या मिश्रधातूचा आहे, तो ओततात कसा, हे त्याला कळण्याची सोय नसते.

स्वतंत्र भारताच्या सरकारला नेमके हेच खटकत होते. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशीनंतर असे धोरण ठरले की, ज्या कंपन्या सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनवतील त्यांनीच मोटारींच्या धंद्यात राहावे. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीतली जुळवणी थांबवली. त्याच वर्षी कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची फियाट ११०० रस्त्यावर आली, आणि काही वर्षांनी कलकत्त्याकडून अ‍ॅम्बॅसिडर आली. पुढची तीस वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर मुख्यतः या दोनच गाड्या दिसत राहिल्या.

मग जर्मन गाड्या आल्या कोठून? काही आयातबंदीपूर्वीच आलेल्या होत्या. काही परदेशी वकिलातींनी वापरून काढून टाकलेल्या होत्या. अशा गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. येथे एक नाते लक्षात घ्यावे. जनरल मोटर्सने १९२९ साली जर्मनीच्या ओपेल कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि १९३१ पर्यंत ती पूर्णपणे आपल्याकडे घेतली. म्हणजे शिवडीचा कारखाना आणि रुसेल्सहाइमचा ओपेलचा कारखाना यांचा मालक एकच होता. पण मालक एक असला तरी मापे एक नव्हती. अमेरिकन गाडी इंचात मोजलेली, तर जर्मन गाडी मिलिमीटरमध्ये.

इंचाचा पाना आणि मिलिमीटरचा नट

भारतात दशमान मापपद्धती १९५८ पासून लागू होऊ लागली. त्यापूर्वी येथल्या गॅरेजातले बहुतेक पाने ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांसाठी घेतलेले, म्हणजे इंचातले होते. आता एक साधे गणित करू. जर्मन गाडीतल्या एका नटाचे डोके १४ मिलिमीटर आहे. हाताशी ९/१६ इंचाचा पाना आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून हा पाना सुमारे १४.२९ मिलिमीटरचा झाला. फरक ०.२९ मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पाना नटावर बसतो, पण सपाट बाजूंना धरत नाही. सारा जोर सहा कोपऱ्यांवर पडतो. दोन-चार वेळा असे झाले की कोपरे झिजून नट गोल होतो.

आट्यांचे त्याहून अवघड. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या जर्मन बोल्टाचे दोन आट्यांतले अंतर १.२५ मिलिमीटर असते. ५/१६ इंची बोल्टाची जाडी ७.९४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच. पण त्याच्या बारीक आट्यांच्या प्रकारात इंचाला २४ आटे असतात, म्हणजे अंतर सुमारे १.०६ मिलिमीटर येते. असा बोल्ट पहिले एक-दोन फेरे सहज जातो, मग अडतो. जोर लावला की आटे मरतात. एखाद्या जुन्या जर्मन इंजिनात गोल झालेले नट आणि मेलेले आटे दिसले, तर तो केवळ निष्काळजीपणा समजू नये. दोन मापपद्धतींची या शहरात झालेली ती टक्कर आहे.

दुसरा थर : टंचाई

परकीय चलन तुटपुंजे होते, आयात जवळजवळ बंद होती, आणि बीटलचा एखादा भाग मोडला तर तो दुकानात मिळत नव्हता. मग लेथवाल्याकडे जायचे. मोडका भाग नमुना म्हणून द्यायचा आणि पितळेचा बुश कातून घ्यायचा. शिवडीला लागूनच दारूखाना आहे. तेथे जहाजे मोडून निघालेले पितळ, तांबे, पोलाद वजनावर मिळते. चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार हे दुसरे आधार. जुळवणीच्या काळात जे ज्ञान मिळाले नव्हते, म्हणजे भाग बनतो कसा, ते टंचाईने सक्तीने शिकवले.

याच काळात जर्मन तंत्रज्ञान दुसऱ्या वाटेने येत होते. टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला; त्या काळात जमशेदपूरच्या ट्रकांवर मर्सिडीजचा तारा असे. बंगलोरला १९५१ साली मायको कंपनी निघाली आणि बॉश पद्धतीचे डिझेल पंप व स्पार्क प्लग देशात बनू लागले; पुढे तिचा कारखाना नाशिकलाही झाला. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पोने गोरेगावात हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीची तीनचाकी बनवायला घेतली. आपण आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणतो, ते या जर्मन कंपनीच्या नावावरून. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, याचे उदाहरण मराठीच्या तासालाही देता येईल.

याचा जुन्या मोटारीशी संबंध काय? बजाज टेम्पोने १९८० च्या दशकात मर्सिडीजचे 'ओएम ६१६' हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन परवान्याने बनवायला घेतले. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीज २४० डी मोटारीत बसत असे. त्यामुळे २४० डी बाळगणाऱ्या मुंबईकराला इंजिनाचे बरेच भाग आकुर्डीत बनलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांतून मिळू शकतात. दिमाखदार मोटार आणि गावोगाव माणसे नेणारी ट्रॅक्स ही अशी एका कुळातली आहेत.

टंचाईला दुसरी बाजूही आहे. अनेक गाड्यांचे मूळ इंजिन काढून दुसरेच बसवले गेले. पत्र्याची भोके सांधण्याऐवजी त्यांत लांबी भरून वर रंग मारला गेला. काही कामे कौशल्याची होती, काही वेळ मारून नेणारी. एकाच गाडीत दोन्ही सापडतात.

वाऱ्यातले मीठ

या सगळ्यावर आणखी एक हात फिरत असतो, तो समुद्राच्या वाऱ्याचा. लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, हे आपण तीन परीक्षानळ्या आणि खिळे घेऊन वर्गात दाखवतो. खाडीकाठी यात मिठाची भर पडते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलसर राहतो. विरघळलेल्या मिठामुळे त्या ओलाव्यातून वीज सहज वाहते. गंजणे ही विद्युत्‌रासायनिक क्रिया असल्यामुळे ती वेगाने होते. शाळेत चौथी नळी मिठाच्या पाण्याची ठेवावी आणि आठवडाभर नोंद करावी.

गंज कोठे लागला याला रचनेमुळे महत्त्व येते. पूर्वीच्या मोटारींना खाली जाड पोलादी सांगाडा असे आणि वर बॉडी बसवलेली असे. ओपेलची १९३५ ची 'ऑलिंपिया' ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली जर्मन मोटार, जिच्यात वेगळा सांगाडा नव्हता. पत्र्याची बॉडीच सारा भार पेलत होती. मर्सिडीजने १९५३ च्या '१८०' मध्ये हाच मार्ग धरला. अशा गाडीत दाराखालची पट्टी गंजली तर केवळ रूप जात नाही, गाडीचे हाड पोखरले जाते. बीटलमध्ये बॅटरी मागच्या आसनाखाली असते. तेथे आम्ल सांडते, पाणी साचते आणि तळाचा पत्रा आधी तेथेच जातो.

गंज काढण्याची हौशी मंडळींची एक आवडती रीत शाळेतही करून पाहता येते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला खिळा बुडवून तो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावा आणि लोखंडाची दुसरी पट्टी धन टोकाला. खिळ्यावर हायड्रोजनचे बुडबुडे दिसतात आणि गंजाचा थर सैल होतो. मग ब्रशने घासला की निघतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ज्योत जवळ नसावी, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात.

गंजाचा त्रास विजेलाही होतो. जुन्या बीटलची बॅटरी ६ व्होल्टची असे. ३६ वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ६ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर ३. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम धरला, तर ढोबळमानाने पहिल्यात ०.६ व्होल्ट वाया जातात, म्हणजे दहा टक्के; दुसऱ्यात ०.३ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के. 'जुन्या गाडीचे दिवे मंदच असतात' या समजुतीमागे पुष्कळदा फक्त अर्थिंगचा गंजका सांधा असतो.

तिसरा थर : काय ठेवावे, काय बदलावे?

१९९१ नंतर आयातीवरची बंधने सैल होत गेली. जगभर बीटल दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बनल्या; शेवटची २००३ साली मेक्सिकोत बनली. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही तयार होतात. मर्सिडीजने १९९३ पासून जुन्या गाड्यांसाठी वेगळे केंद्रच चालवले आहे. आज पैसे असतील तर जवळजवळ सारे भाग परदेशातून मागवता येतात. आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या लेथवर कातलेला, चाळीस वर्षे टिकलेला बुश काढून टाकावा आणि अस्सल जर्मन बुश बसवावा का?

कायद्याचा कल मूळ रूपाकडे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. पण ते मूळ रूपात राखलेले हवे. चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू योग्यच आहे. तरी एक विसंगती उरते. टंचाईच्या काळात दुसरे इंजिन बसवल्यामुळेच जी गाडी भंगारात जाण्यापासून वाचली, तिला आज तेच इंजिन आड येते.

आमचे मत असे आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि इंधनाच्या नळ्या यांत इतिहास शोधू नये. ते भाग निर्धास्त नवे घालावेत. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात फुगते वा चिरते, हे लक्षात घेता नळ्या तर बदलायलाच हव्यात. बाकीच्या भागांच्या बाबतीत घाई करू नये. येथे बनलेला भाग चांगला चालत असेल तर चालू द्यावा. बदललाच, तर जुना भाग चिठ्ठी लावून जपावा आणि वहीत नोंद करावी : काय निघाले, कशाचे होते, कोणी बनवले असे मिस्त्री सांगतात. मूळ गाडीची माहिती जर्मनीत आराखड्यांत आणि पुस्तकांत सुरक्षित आहे. मुंबईच्या मिस्त्रीने ती कशी जगवली, याची माहिती मात्र त्या बुशात आणि त्या मिस्त्रीच्या आठवणीत आहे, आणि मिस्त्री म्हातारे होत आहेत.

मूळ रूप म्हणजे निष्कलंक रूप, असेही मानू नये. वोल्फ्सबुर्गच्या ज्या कारखान्यात पुढे बीटल बनली, तो नाझी राजवटीत उभा राहिला आणि युद्धकाळात तेथे हजारो लोकांना सक्तीने राबवले गेले. इतिहास सांगायचा तर हाही सांगावा लागेल.

शिक्षकांना हे करण्यासाठी मोटार असण्याची गरज नाही. घरातले जुने शिलाई यंत्र, सायकल किंवा वस्तीतल्या गॅरेजातली एखादी गाडी पुरे. विद्यार्थ्यांना तीन रकाने आखायला सांगावे : मूळचे भाग, येथे बनवून घेतलेले भाग, नंतर विकत आणलेले भाग. प्रत्येक नोंदीपुढे 'हे असे का केले असेल?' हा प्रश्न लिहावा आणि उत्तर मिस्त्रींनाच विचारावे. शिवडीचा कारखाना बंद होऊन सत्तरहून अधिक वर्षे झाली. तेथे आणि आजूबाजूच्या गॅरेजांत हातांनी जे शिकून घेतले ते फारसे कोणी लिहून ठेवले नाही. ते लिहायला अजून थोडा वेळ आहे.