मंडळी, गाव आणि दरबार : मराठवाड्यातील एका ख्रिस्ती वसाहतीच्या निमित्ताने

मराठी बायबलमध्ये आणि मराठी ख्रिस्ती बोलीत चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ आहे. इमारत म्हणजे देऊळ किंवा चर्च. त्यात जमणारी माणसे म्हणजे मंडळी. आपल्या बोलण्यात ‘घरची मंडळी’, ‘पाहुणे मंडळी’ असे आपण सहज म्हणतो. जुन्या वळणाचा नवरा तर बायकोचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करी. म्हणजे हा शब्द मुळात नात्यागोत्याचा, एका पंगतीचा. धर्मांतराने ज्यांचे नातेगोते तुटले, त्यांच्या समूहाला नेमके हेच नाव मिळावे, यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मिशनच्या इतिहासात किती जणांचा बाप्तिस्मा झाला याचे आकडे सापडतात. पण आलेली माणसे एकमेकांची आणि आसपासच्या गावाची कोण झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाच्या दृष्टीने रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे चरित्र महत्त्वाचे आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाचा ताबा वडिलांकडे देण्यात आला. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात उभी फूट पडली. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतचा पक्ष घेतला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. आपल्या वाङ्मयेतिहासात हा प्रसंग बहुधा जांभेकरांच्या उदारमतवादाचा दाखला म्हणून येतो. तो तसा आहेच. पण घरी परतलेल्या मुलालाही घरात जागा मिळणे किती अवघड होते, हेही त्यातून दिसते. धर्म बदलणे म्हणजे त्या काळी केवळ मत बदलणे नव्हते. पाण्याचा, पंगतीचा आणि सोयरिकीचा हक्क गमावणे होते.

हाच थोरला भाऊ १८५४ साली फ्री चर्चचा दीक्षित पाळक झाला आणि पुढे निजामी मुलखातील जालन्यास कामासाठी गेला. तेव्हाचा मराठवाडा, पूर्वेकडील नांदेड-भोकरपासून पश्चिमेकडील जालना-औरंगाबादपर्यंत, हैदराबाद संस्थानात होता. जालना हे छावणीचे गाव. तेथे शेषाद्रींच्या शब्दाला प्रतिसाद दिला तो मुख्यतः मांग समाजाने. गावगाड्यात या समाजाचे स्थान गावकुसाबाहेर; दोर वळणे आणि गावची इतर सेवा यांच्या बदल्यात मिळणारे बलुते हा त्यांचा आधार. बलुते हा सेवेचा मोबदला खरा, पण ते गावाच्या मर्जीशी आणि रूढीशी बांधलेले असते. अशा माणसाने गावच्या देवाची सेवा नाकारली, तर केवळ देव सुटत नाही. खळ्यावरची पायली धोक्यात येते. मुंबईच्या ब्राह्मण तरुणाला धर्मांतरात वाळीत पडण्याचे भय होते, मराठवाड्याच्या मांगाला उपासमारीचे.

म्हणूनच शेषाद्रींना केवळ प्रवचनावर भागवता आले नाही. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत त्यांनी संस्थानाकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचे घर. उत्पत्तीच्या पुस्तकात घर सोडून पळालेला याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो आणि जागा झाल्यावर त्या ठिकाणाला हे नाव देतो. बेघर झालेल्यांच्या वसाहतीला याहून समर्पक नाव मिळाले नसते. न्यूयॉर्क येथे १८७३ साली भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री गेले, ते या कामाची पुंजी पाठीशी घेऊनच. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

बेथेलचे मोठेपण मान्य करूनही त्याची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. ज्याच्या सख्ख्या भावाला जातीत परत घ्यावे की नाही यावर शहर भांडले, त्याने आपली मंडळी गावकुसाबाहेरच्या माणसांत शोधली. हे नाते जोडणे एकोणिसाव्या शतकात सामान्य नव्हते. पण वेगळे गाव वसवले की जुन्या गावाला बदलण्याचे कारण उरत नाही. पूर्वीची वस्ती गावाबाहेर होती, नवी वस्तीही गावाबाहेरच राहिली. फरक इतकाच की या वेळी कूस आपल्या हाताने घातलेली होती. संरक्षण आणि अलगपणा या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीने दिल्या.

ही भिंत ओलांडण्याचा प्रयत्न नगरकडे झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी कीर्तनाचा साज ख्रिस्तकथेला चढवला. उभ्याने गायची कथा, टाळ-मृदंगाची साथ, पूर्वरंग-उत्तररंग हे सारे श्रोत्याच्या ओळखीचे होते, म्हणून परका विषय ऐकायला तो थांबत असे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाच्या वाटेने हेच केले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांसह न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. बेथेलने आत आलेल्यांना आसरा दिला, दरबाराने दारच उघडे ठेवले. दरबाराचे आयुष्य मात्र अल्प ठरले. १९१९ साली टिळक वारले. उघड्या दाराला भक्ती पुरते, पण पावसाळ्यात छप्परही लागते.

या दोन टोकांमधली खरी वाट दाखवते ती लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. पतीच्या धर्मांतरानंतर ताटातूट, पुन्हा एकत्र येऊनही आरंभी पाळलेले सोवळे, आणि मग बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःच्या विचाराने, जातिभेदाचा केलेला त्याग. मंडळी नेमकी कोठे घडते, हे या पुस्तकात दिसते : ती पाण्याच्या घागरीपाशी आणि चुलीपाशी घडते. व्यासपीठावरून नाते जाहीर होते, पण ते पाळायचे ते स्वयंपाकघरात.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर येणे ही पहिलीच वेळ होती आणि त्यांच्या निवडीला विरोधही झाला. शेषाद्रींच्या मराठवाड्यानेच त्यांचे यजमानपद भूषवले, हा योगायोग असेल. पण विरोध करणाऱ्यांचा प्रश्न १८४३ चाच होता : हा आपल्या पंगतीतला का? मराठी शिकवणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर टाळता येणार नाही. ख्रिस्ती साहित्य हे अभ्यासक्रमातले एक वेगळे ‘बेथेल’ करून ठेवायचे, की सांगळ्यांचे कीर्तन कीर्तनपरंपरेत आणि टिळकांचा अभंग अभंगपरंपरेत शिकवायचा, हे आपल्याच हातात आहे. मंडळी हा शब्द आपला आहे. त्यात कोणाला धरायचे, ते ठरवण्याची जबाबदारीही आपलीच.