पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षित, काय धोक्याचे?

वरच्या पापण्या ओघळल्या किंवा डोळ्यांखाली फुगवटा आला, की माणूस पुरेशी झोप घेऊनही थकल्यासारखा दिसतो. पापण्यांवरील जादा त्वचा व चरबी काढून हा दोष दूर करणाऱ्या शस्त्रक्रियेला 'ब्लेफारोप्लास्टी' म्हणतात. बहुधा स्थानिक भूल देऊन ती केली जाते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. पुढील काही दिवस मात्र आरशातला चेहरा पूर्वीपेक्षाही वाईट दिसतो आणि अनेकांचा धीर सुटतो. त्यामुळे यातील स्वाभाविक काय आणि धोक्याचे काय, हे आधीच जाणून घेणे हिताचे ठरते.

पहिले दोन दिवस

सूज पहिल्या ४८ तासांत वाढतच जाते. डोळ्यांभोवतीचा भाग काळानिळा पडतो आणि हा रंग गालांपर्यंतही उतरतो. मलमामुळे धूसर दिसणे, डोळ्यांतून पाणी येणे, उजेड सहन न होणे हेही नेहमीचेच. थंड पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाच्या घड्या दाब न देता ठेवाव्यात. बर्फ थेट त्वचेला लावू नये. दोन उशा घेऊन उताणे झोपावे. वेदना साधारणतः सौम्य असून पॅरासिटामॉलने आटोक्यात येतात. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ती बंद करण्याचा वा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

येथे विलंब नको

क्वचित प्रसंगी डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीच्या नसेवर दाब येतो. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. हा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. एका डोळ्यात एकाएकी तीव्र वेदना, डोळा ताणून पुढे आल्यासारखा वाटणे, मलम पुसूनही अंधुक दिसणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास सकाळ होण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. म्हणूनच पहिल्या रात्री सोबतीला कोणीतरी असावे. जागेपणी अधूनमधून एकेक डोळा हलकेच झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसतात का, हे पाहावे.

पहिले दोन आठवडे

टाके साधारणतः पाच ते सात दिवसांनी काढतात. खालच्या पापणीची शस्त्रक्रिया आतील बाजूने केली असल्यास बाहेर टाके नसतात. काळेनिळे डाग हिरवट-पिवळे होत १० ते १४ दिवसांत फिके पडतात. दोन्ही डोळ्यांची सूज सारखी नसते, हेही स्वाभाविकच. डोळे कोरडे पडतात, खुपतात. झोपेत ते पूर्ण मिटत नसल्यास डॉक्टरांना सांगावे. त्यांनी दिलेल्या थेंबांखेरीज गुलाबपाणी, मध असे घरगुती उपाय करू नयेत. काजळ, सुरमा व कॉन्टॅक्ट लेन्स सुमारे दोन आठवडे टाळाव्यात. उतरत आलेली सूज व लाली पुन्हा वाढणे, पू येणे किंवा ताप येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत.

कामावर केव्हा जावे?

बैठे काम करणाऱ्यांना सात ते दहा दिवसांत कार्यालयात जाता येते. दृष्टी स्वच्छ होईपर्यंत वाहन चालवू नये. जड उचलणे, खाली वाकणे, सूर्यनमस्कार दोन ते तीन आठवडे बंदच ठेवावेत. उन्हात व धुळीत गॉगल वापरावा.

वरच्या पापणीचा व्रण घडीत लपतो. मात्र त्याचा गुलाबीपणा जायला काही महिने लागतात. अंतिम स्वरूप तीन ते सहा महिन्यांनीच कळते. त्यामुळे घरातील लग्नकार्य तोंडावर आले असताना ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. डोळ्यांखालच्या त्वचेचा मूळचा काळसरपणा तिने जात नाही, हेही आधीच समजून घेतलेले बरे.